इलेक्ट्रिक पिकअपला मागचं दाखवणारा मिरर कॅमेरा बसवायचाय? स्क्रीन किती इंची, हे सगळ्यात शेवटी विचारा

अजिंठ्याहून मिरचीच्या गोण्या भरून निघालेल्या पिकअपच्या केबिनमधला आरसा ड्रायव्हरला काय दाखवतो? गोण्या. वरून ताडपत्री ओढली असेल तर ताडपत्री. मागे बंद डबा असेल तर पत्रा. गाडी भरली की तो आरसा देवाचा फोटो लटकवण्यापुरताच उरतो आणि मागचा सगळा भरवसा दोन बाजूच्या आरशांवर येतो. हे दोन आरसे गाडीच्या दोन्ही कडा दाखवतात. फाळक्याच्या अगदी मागे उभा असलेला हमाल, सायकल किंवा लहान मूल त्यांत दिसत नाही.

म्हणून आरशाच्या आकाराचा स्क्रीन आणि गाडीच्या मागे कॅमेरा, असा संच बाहेरून घेऊन बसवण्याकडे ओढा वाढतोय. बाजारात त्याला मिरर कॅमेरा किंवा मिरर डॅशकॅम म्हणतात. ऑनलाइन तो कारसाठी म्हणून विकला जातो. मालवाहू गाडीत, त्यातही इलेक्ट्रिक गाडीत, तोच संच तसाच बसवला की काही आठवड्यांत कटकटी सुरू होतात. त्या कुठून येतात आणि घेण्याआधी काय बघायचं, ते पाहू.

आपल्याकडचं 'इलेक्ट्रिक पिकअप' म्हणजे कोणतं?

अमेरिकेत हा शब्द फोर्डची एफ-१५० लाइटनिंग, रिव्हियनची आर१टी किंवा टेस्लाच्या सायबरट्रकसाठी वापरतात. सायबरट्रकच्या हौद्यावरचं झाकण ओढलं की मागच्या काचेतून काहीच दिसत नाही, त्यामुळे तिथेही कॅमेऱ्याचाच आधार घ्यावा लागतो. या गाड्या भारतात अधिकृतपणे विकल्या जात नाहीत. आपल्याकडचं इलेक्ट्रिक पिकअप म्हणजे छोट्या मालवाहू गाड्या. टाटाची एस ईव्ही मे २०२२ मध्ये आली, तिची २१.३ किलोवॅट-तासाची बॅटरी एका चार्जमध्ये १५४ किमी जाते असा कंपनीचा दावा होता. २०२४ मध्ये एक टन माल नेणारी एस ईव्ही १००० आली आणि त्याच वर्षी महिंद्राची झिओ. २०२५ मध्ये त्याहून लहान एस प्रो ईव्ही आली. गावाकडे 'छोटा हत्ती' म्हणतात त्याच घराण्यातल्या या गाड्या.

अजिंठा परिसरात अजून डिझेलचीच पिकअप जास्त दिसतात. पण इथले अंतरांचे हिशेब इलेक्ट्रिकवाल्याला लगेच कळतील. अजिंठ्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण १०० किमी, जळगाव ६० किमीच्या आसपास. जळगावला जाऊन येणं एका चार्जमध्ये कागदावर बसतं, संभाजीनगरला जाऊन येणं बसत नाही. म्हणजे गाडी कुठेतरी दोन-चार तास चार्जिंगला उभी राहणार, बहुतेकदा माल किंवा रिकामी कॅरेट हौद्यात असताना. कॅमेऱ्याचा आणि या उभं राहण्याचा संबंध पुढे येतो.

इलेक्ट्रिकमध्ये मागचं दिसणं जास्त महत्त्वाचं का?

पहिलं कारण आवाज. डिझेल पिकअप रिव्हर्सला टाकली की आजूबाजूच्यांना आपोआप कळतं. इलेक्ट्रिक गाडी हळू मागे येताना जवळजवळ मुकी असते. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लेणीकडे जाणाऱ्यांच्या खासगी गाड्या थांबवल्या जातात आणि पर्यटक तिथून पुढचे चारेक किमी बसने जातात. तिथल्या हॉटेलांना आणि दुकानांना माल पोचवणारी गाडी अशा गर्दीत मागे घ्यावी लागते जिथे निम्मे लोक फोटो काढत, उलट्या पावलांनी चालत असतात. पहाटेच्या भाजीबाजारातली गोष्ट वेगळी नाही, तिथे हमालाच्या डोक्यावर गोणी असते आणि मान वळत नाही.

या मुकेपणाची दखल सरकारनेही घेतली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या मसुद्यात इलेक्ट्रिक प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज देणारी यंत्रणा बंधनकारक करायचं सुचवलं: नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या मॉडेलना ऑक्टोबर २०२७ पासून. आधीच रस्त्यावर आलेल्या गाड्यांचं काय, हा प्रश्न त्यांच्या मालकांकडेच राहतो. कारना मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाले, पण तो नियम कारपुरता होता.

दुसरं कारण घाट. अजिंठ्याचं पठार उतरून फर्दापूरकडे जाताना इलेक्ट्रिक गाडीचा ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि मोटरच गाडी आवरायला लागते, त्यातून बॅटरीत थोडी वीजही परत जाते. फायदा आहेच. पण मागून येणाऱ्याला ही गाडी अचानक मंदावल्यासारखी वाटते. कोण किती चिकटून येतंय हे दिसत असलेलं बरं.

सगळ्यात आधी: १२ व्होल्टची छोटी बॅटरी

बहुतेक लोक इथेच फसतात. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, गाडी ओढणारी. दुसरी १२ व्होल्टची छोटी, जिच्यावर दिवे, हॉर्न, वायपर आणि गाडीचे कंट्रोलर चालतात. मोठ्या बॅटरीतली वीज एका कन्व्हर्टरमधून १२ व्होल्टवर उतरवून छोटीला भरली जाते, पण हा कन्व्हर्टर साधारणपणे गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावलेली असतानाच काम करतो.

मुख्य मेख पुढे आहे. चावी फिरवल्यावर मोठी बॅटरी मोटरला जोडणारे स्विच ओढले जातात ते १२ व्होल्टच्या जोरावर. छोटी बॅटरी बसली तर मोठी ९० टक्के भरलेली असली तरी गाडी उठत नाही. डिझेल गाडी चार जणांनी ढकलून तरी चालू होते, ही होत नाही.

मिरर कॅमेऱ्यात 'पार्किंग मोड' असतो: गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग. जाहिरातीत तो फार गोड वाटतो. हिशेब मात्र साधा आहे. कॅमेरा ४ वॅट खात असेल आणि गाडी रात्री १२ तास उभी असेल तर ४८ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतले ४ अँपिअर-तास गेले. एका रात्रीत काही बिघडत नाही. पण सणाला गाडी तीन-चार दिवस उभी राहिली तर छोट्या बॅटरीचा जीव जातो.

त्यामुळे रोज माल वाहणाऱ्यासाठी सल्ला सरळ आहे: पार्किंग मोडचा मोह सोडावा आणि चावी बंद केली की मरणाऱ्या लाइनवरूनच कॅमेऱ्याला वीज द्यावी. मोबाइल चार्ज करायचं १२ व्होल्टचं सॉकेट चावीसोबत बंद होत असेल तर तेही चालतं. उभ्या गाडीतून माल चोरीला जाण्याची भीती खरीच असेल, तर व्होल्टेज घसरलं की कॅमेरा आपोआप तोडणारं हार्डवायर किट घ्यावं आणि त्याची मर्यादा १२.२ व्होल्टच्या खाली ठेवू नये. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत तिथे पोचेपर्यंत साधारण निम्मी बॅटरी उतरलेली असते.

आणखी एक, आणि यात तडजोड नाही. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबल म्हणजे हाय व्होल्टेज. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर टाय बांधायचा नाही, त्यांच्याजवळ ड्रिल चालवायचं नाही. हौद्याखाली चासीला बॅटरी असते, म्हणून 'खालून एक भोक पाडतो आणि वायर वर घेतो' म्हणणाऱ्या वायरिंगवाल्याला तिथेच थांबवावं. मूळ वायर सोलून जोड मारण्याऐवजी फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप घेणं चांगलं. पुढे काही बिघडलं आणि कापलेली वायर दिसली तर वॉरंटीवरून वाद ठरलेला. बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून, शक्य असेल तर उत्तर लेखी घेऊन ठेवलेलं बरं.

कॅमेरा कुठे?

कारमध्ये मागचा कॅमेरा काचेच्या आत किंवा नंबर प्लेटवर बसवला की काम झालं. पिकअपमध्ये जागा निवडणं हाच अर्धा निर्णय आहे.

फाळक्यावर कॅमेरा लावला तर फाळका खाली टाकल्यावर तो जमिनीकडे बघतो. शिवाय फाळका रोज दहा वेळा आपटतो, बिजागरीपाशी वायर आधी तुटते. केबिनच्या मागच्या भिंतीवर उंच लावला तर रिकाम्या गाडीत सुरेख दिसतं आणि भरलेल्या गाडीत पुन्हा गोण्याच. बंद डबा असेल तर डब्याच्या वरच्या कडेला, मध्यभागी, किंचित खाली झुकवून लावणं सगळ्यात सोयीचं, कारण रस्ताही दिसतो आणि मागच्या बंपरजवळचं माणूसही.

उघड्या हौद्याच्या गाडीला ही सोय नाही. तिथे मागच्या दिव्यांच्या पट्टीवर किंवा नंबर प्लेटच्या वर, न हलणाऱ्या भागावर कॅमेरा लावावा लागतो. इतक्या खालून रिव्हर्स घेताना चांगलं दिसतं, पण चालत्या रस्त्यावर मागच्या गाडीचे हेडलाइट थेट डोळ्यात येतात आणि पावसात चिखल उडतो. जून ते सप्टेंबर लेन्स पुसायचं फडकं डायरेक्शनच्या हँडलजवळच ठेवावं लागेल, हे मान्य करूनच घ्यावा.

मग वायरची लांबी. कारच्या संचात बहुधा ६ मीटरची वायर येते. एस ईव्ही ३.८ मीटरची आहे, त्यामुळे पुरेल असं वाटतं. पण वायर सरळ जात नाही. मागून चासीला धरून पुढे, मग केबिनमध्ये वर, खांबातून छतापर्यंत आणि तिथून आरशाकडे. दोरी लावून मोजावं आणि त्यात अर्धा-पाऊण मीटर जास्त धरावं. मधे जोड येणारच असेल तर कारच्या संचातली मोबाइलच्या हेडफोनसारखी पिन नको. ट्रक-बसच्या कॅमेऱ्यांना पेच फिरवून बसणारे चार पिनचे कनेक्टर असतात, ते धूळ-पाण्यात टिकतात.

'वायरलेस कॅमेरा घेतला की ही झंझटच नाही' हा युक्तिवाद दुकानदार हमखास करतो. वायरलेस कॅमेऱ्यालाही मागे वीज लागतेच, म्हणजे वायर आलीच. वर चित्र उशिरा येतं आणि मधेच तुटतं. मोटर आणि इन्व्हर्टरच्या विद्युत गोंगाटाने स्वस्त संचात स्क्रीनवर आडव्या रेघाही उमटतात. वायरवाला संच घेऊन केबल नारिंगी केबलच्या विरुद्ध बाजूने न्यावी. तरी रेघा आल्या तर वायरीवर फेराइटची कडी चढवून पाहावी. लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीवर जो गोल फुगवटा दिसतो, तीच ती.

चष्मा असेल तर आधी हे वाचा

मिरर कॅमेऱ्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते डोळ्यांबद्दल. साध्या आरशात मागची गाडी पाहताना डोळा त्या गाडीच्या अंतरावरच स्थिरावतो. समोरचा रस्ताही दूरचा, आरशातली गाडीही दूरची, त्यामुळे नजर हलवली तरी फोकस फारसा बदलत नाही. स्क्रीन मात्र डोळ्यांपासून दीड-दोन फुटांवर असतो. म्हणजे दरवेळी दूरवरून जवळ आणि जवळून दूर असा फोकस बदलावा लागतो. पंचविशीत हे जाणवतही नाही. पंचेचाळिशीनंतर जवळचं दिसायला वेळ लागतो आणि स्क्रीन धूसर दिसतो.

बायफोकल चष्म्यात तर आणखी गंमत. जवळचं दिसायची काच खाली असते आणि मिरर स्क्रीन असतो वर. ड्रायव्हरला मान मागे टाकून, हनुवटी वर करून बघावं लागतं. घाटात हे परवडणारं नाही. गाडी मालक घेतो आणि चालवतो दुसराच, असं असेल तर चालवणाऱ्यालाच दहा मिनिटं सीटवर बसवून स्क्रीन बघायला लावावा. त्याला धूसर दिसत असेल तर आरशाच्या जागचा स्क्रीन सोडून डॅशबोर्डवर, नजरेच्या खाली बसणारा साधा ५ किंवा ७ इंची स्क्रीन घ्यावा. दिसायला जुनाट, पण त्या माणसाच्या उपयोगाचा.

आकाराचंही तसंच. १२ इंची स्क्रीन कारच्या रुंद काचेवर शोभतो. छोट्या मालगाडीत काच ड्रायव्हरच्या नाकासमोर असते. तिथे एवढा स्क्रीन समोरचा रस्ता झाकतो आणि ऊन अडवायची झडप खाली येत नाही. बरेच संच मूळ आरशावर रबरी पट्ट्यांनी बांधायचे असतात. मूळ आरसा लहान किंवा नाजूक असेल तर वजनाने खड्ड्याखड्ड्याला थरथरतो. ९-१० इंचांच्या वर जायची गरज सहसा नसते.

'४के' वर किती विश्वास ठेवायचा?

पाकिटावर ४के लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा पुढच्या कॅमेऱ्याबद्दल. मागचा कॅमेरा १०८० किंवा ७२०चा असतो, आणि पिकअपमध्ये कामाचा तोच. कधी पुढचाही खरा ४के नसतो, लहान सेन्सरचं चित्र ताणून मोठं केलेलं असतं. सेन्सरचं नाव विचारलं की उलगडा होतो: सोनीचा आयएमएक्स४१५ असेल तर ८ मेगापिक्सेल, आयएमएक्स३३५ असेल तर ५, आयएमएक्स३०७ असेल तर २ मेगापिक्सेल. आयएमएक्स३०७ वाईट मुळीच नाही, अंधारात तो चांगला दिसतो. खोटं बोलून विकला की वाईट.

चित्र किती उशिरा येतं, हे त्याहून महत्त्वाचं. मागून एखादी मोटारसायकल पिकअपपेक्षा ताशी ३० किमी जास्त वेगाने येत असेल, तर ती सेकंदाला सव्वाआठ मीटरने जवळ येते. चित्र ०.३ सेकंद मागे असेल, तर ती स्क्रीनवर दिसते त्याहून अडीच मीटर जवळ आलेली असते. हे दुकानातच तपासता येतं. एका मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तो मागच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा, आणि दुसऱ्या मोबाइलने खरं स्टॉपवॉच आणि स्क्रीन यांचा एकत्र फोटो काढायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे उशीर. ०.१ सेकंदाच्या आसपास असेल तर ठीक.

लेन भरकटल्याची सूचना, पुढच्या गाडीचं अंतर वगैरे सुविधांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. जिथे पट्टेच पुसलेले असतात, तिथे ती सूचना एकतर येत नाही, नाहीतर सारखी येते.

उन्हाळा

जळगावकडचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या केबिनमधलं तापमान त्याच्याही बरंच वर. आरसा काचेला लागून असल्याने सगळ्यात जास्त तोच तापतो. आत लिथियमची छोटी बॅटरी असलेले कॅमेरे अशा उष्णतेत फुगतात. त्याऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा आणि तो किमान ७० अंशांपर्यंत चालतो असं लिहिलेलं आहे का, ते पाहावं. मागच्या कॅमेऱ्यासाठी आयपी६७ म्हणजे धूळबंद आणि थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालणारा. गाडी प्रेशरच्या पाण्याने धूत असाल तर आयपी६९के शोधावा. तो नसेल तर धुताना पाण्याची धार कॅमेऱ्यावर मारू नये.

बाजूचे आरसे काढले तर चालतील?

नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीने २०१६ मध्ये आरशांच्या जागी कॅमेरे लावायला मुभा दिली, जपाननेही त्याच वर्षी. २०१८ मध्ये जपानमधली लेक्सस ईएस बाजूच्या आरशांऐवजी कॅमेरे घेऊन आली. पण त्या कारखान्यातच बसवलेल्या आणि प्रमाणित यंत्रणा आहेत. भारतात आरशांसाठी एआयएस-००१ आणि एआयएस-००२ ही मानकं आहेत. बाजारातून आणलेला कॅमेरा आरशाच्या जोडीला लावायचा, आरशाऐवजी नाही. रुंद लेन्समध्ये मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, त्यामुळे ओव्हरटेक देताना किंवा लेन बदलताना शेवटची नजर बाजूच्या आरशातच टाकावी लागते.

बसवून झाल्यावर

आधी एकाला गाडीमागे उभं करून डावा हात वर करायला सांगावं. आरशात दिसतो तसा तो स्क्रीनवरही डाव्या बाजूलाच दिसला पाहिजे. उजवीकडे दिसत असेल तर चित्र उलटं आहे. सेटिंगमध्ये ते फिरवता येतं, काही कॅमेऱ्यांना त्यासाठी बारीक वायरीचा एक फास दिलेला असतो.

मग रेघा. रिव्हर्सला स्क्रीनवर येणाऱ्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा कारच्या उंचीसाठी आखलेल्या असतात. पिकअपमध्ये लाल रेघ म्हणजे एक मीटर असेलच असं नाही. सपाट जागी गाडी लावून मागे १, २ आणि ३ मीटरवर खडूने खुणा करून प्रत्येकीवर वीट ठेवावी आणि कोणती वीट कोणत्या रेघेवर येते ते बघून ठेवावं. हे एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या गाडीत करावं. माल भरला की मागचा भाग दबतो, कॅमेरा खाली येतो आणि रेघा सरकतात.

रेकॉर्डिंगसाठी साधं मेमरी कार्ड घेऊ नये. सतत लिहून-पुसून ते काही महिन्यांत जातं आणि गेल्याचं कळतं अपघाताच्या दिवशीच. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड घ्यावं. दोन्ही कॅमेरे चालू असताना ६४ जीबीत साधारण सहा-सात तास मावतात, मग जुनं पुसलं जातं. म्हणून काही घडलंच तर त्याच जागी कार्ड काढून बाजूला ठेवावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असं चित्रण पुरावा म्हणून देताना सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली क्लिप दाबली जाते आणि तिच्या मूळ रूपावर शंका घेता येते, त्यामुळे मूळ कार्ड जपणं महत्त्वाचं. कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळही बसवतानाच बरोबर लावून घ्यावी. २०१९ साल दाखवणाऱ्या क्लिपवर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.